फळीवरचा उजवा पाय

नेमसिंग हा पांढरकवड्याजवळच्या तांड्यावरचा गृहस्थ एका कापसाच्या जिनिंगमध्ये बावीस वर्षे हमाल होता. खाली जमीन, वर ट्रकचा फाळका आणि मध्ये हातभर रुंदीची फळी. पाठीवर सरकीचे पोते घेऊन जो फळी चढे, तो खरा हमाल. ज्याला ते जमत नसे, त्याने खाली बसून पोत्यांची तोंडे शिवावीत. नेमसिंगला त्या शिवणाऱ्यांत बसायचे नव्हते.

दोन वर्षांपासून त्याची डावी टाच दुखत होती. तिला कुरूप झाले होते. दोष टाचेचाच, असे मानून तो तिला गरम बिब्ब्याचा चटका देई. टाच उतून फोड येत. दुखणे जात नसे.

"तुमी उजवा पाय पुरा टेकवतच नाई," त्याची बायको बिजलीबाई म्हणाली. "दवाखान्यात दाखवा ना एकडाव."

"उजव्याले काय झालं? तो कुठं दुखते?"

तरी तो गेला. तेथे व्यायाम शिकवणाऱ्या प्रेरणा मॅडमनी त्याचे तळपाय ओले करून त्याला कोरड्या फरशीवर उभे केले. डाव्याचा ठसा टाचेसह पूर्ण उमटला. उजव्याची केवळ बोटे. मग त्याला निजवून त्यांनी उजवी मांडी फिरवून पाहिली. ती अर्ध्यावरच अडली.

"बाबा, आजार टाचेत नाही. उजवा खुबा आखडलाय. त्यामुळे कंबर कलते आणि सगळा भार डाव्या टाचेवर येतो. फक्त उजव्या पायावर उभे राहा पाहू."

तीन मोजण्याआधीच त्याने टेबल धरले.

"खुबा मोकळा होईपर्यंत फळी चढायची नाही."

नेमसिंगने होकारार्थी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने टाचेला पुन्हा बिब्बा लावला आणि तो फळी चढला.

"काहून रे नेम्या, टाकून आला का?" त्याची कललेली चाल पाहून त्याचा जोडीदार शंकरसिंग खालून हसला.

"तुह्या बापानं पाजली!"

एवढ्यात डावी टाच भाजल्यासारखी झोंबली. त्याने ती चटकन उचलली. पोत्यासह सारे अंग एकट्या उजव्या पायावर आले आणि तो पाय उभा राहू शकला नाही.

खांद्याचे हाड मोडले. ते वाकडेच सांधले. आता नेमसिंग दाभण घेऊन पोत्यांची तोंडे शिवतो. सांगितलेला व्यायाम मात्र रोज करतो.

परवा आंघोळीनंतर बिजलीबाईने कोरड्या फरशीवरच्या त्याच्या ओल्या पावलांकडे बोट दाखविले. "पाहा, उजवी टाच उमटली."

"आता उमटली," नेमसिंग म्हणाला, आणि त्याने पायानेच तो ठसा पुसून टाकला.