रंजनाची तिसरी मुलाखत

करिअरचा सल्ला द्यायला बसलं की सल्ला कमी दिला जातो आणि किस्सेच जास्त जमतात. नंदनवन वस्तीतल्या एका हॉलमध्ये आम्ही दोघं दर रविवारी बसतो. मी रिटायर्ड कारकून, आणि पराते मॅडम उमरेडच्या विणकर घरातल्या, बँकेतून निवृत्त. समोर असतात जवळच्या होस्टेलच्या गोंड मुली, गडचिरोलीकडच्या. यंदा आमचा सगळा जीव अडकला होता रंजना मडावीत. तिला समाजकार्याची पदवी करायची होती. दोन कॉलेजांच्या मुलाखतीत ती तोंडच उघडेना, तिथून नकार आला. तिसरीकडेही नाही झालं तर होस्टेलची खाट सोडून गावी परत!

*

पहिल्याच रविवारी आवडीनिवडी तपासायचे फॉर्म वाटले आणि आम्ही चहाला गेलो. परत येऊन बघतो तर नऊच्या नऊ फॉर्म सारखे! कॉपी केली म्हणून मी चिडलो. रंजनाला ते लागलं.

"कॉपी नाही सर. आमी बसलो, एकेका सवालावर बोललो. सगळ्यायचं पटलं तवाच लिवलं."

गावात सगळं असंच ठरतं म्हणे. एका प्रश्नावर मात्र बराच वेळ एकमत होईना. प्रश्न होता, 'तुम्हाला एकट्याने काम करायला आवडते का?'

*

पराते मॅडमनी रंजनाला छंद विचारले. एकही नाही म्हणाली. मग सुट्टीत करतेस काय? तर नदीत मासे धरते, तेंदूच्या झाडावर चढून टेंभरं काढते, लग्नात ढोलावर नाचते. मॅडमचा पेन थांबेना.

"अवं, हेच तं छंद झाले!"

"हे तं सगळेच करते मॅडम," रंजना म्हणाली.

घरी जाताना मॅडमनी मला खासगीत सांगितलं की आपण जन्मभर छंदाच्या रकान्यात 'वाचन' लिहिलं, आणि वाचला तो वर्षाकाठी एक दिवाळी अंक.

*

मग रंजनाच्या वडिलांना बोलावलं. आले गावातले पाच जण! मी म्हटलं, फक्त वडील आले असते तरी चाललं असतं.

"पोरगी का माह्या एकट्याची हाय?" वडील म्हणाले.

पुढचा तासभर मुलाखत माझीच झाली. काय काम केलं, किती वर्षं केलं, जीव रमला का. पाच जोडी डोळ्यांसमोर खोटं बोलवेना. नाही रमला, म्हणालो. त्यांच्यातला एक म्हातारा काळजीने पुढे सरकला.

"मंग तुमी सल्ला काहून देऊन राहिले भाऊ?"

मॅडम इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं. पण गाव पोरीला 'शीक' म्हणून गेलं, हे महत्त्वाचं.

*

तिसऱ्या मुलाखतीची आम्ही जंगी तयारी केली. डोळ्यांत बघून बोलायचं. थोरांच्या डोळ्यांत बघणं तिला जमेना, म्हणून ती मॅडमच्या टिकलीकडे बघून सराव करायची. शेवटी 'काही विचारायचं आहे का?' म्हणाले की कोर्सबद्दलच विचारायचं. तो प्रश्नही पाठ करून घेतला.

नंबर लागला दुपारी तीनला. फाईल आणि जेवणाचा डबा घेऊन रंजना आत गेली. बाकीची मुलं दहा मिनिटांत बाहेर येत होती. हिची वीस मिनिटं झाली, चाळीस झाली. आतून हसण्याचा आवाज आला आणि मॅडमनी माझा दंड असा दाबला की विचारू नका. शेवटी दार उघडलं. रंजनाच्या हातात नुसती फाईल.

"शेवटी प्रश्न विचारला ना?" मी विचारलं.

"विचारला."

"पाठ केलेला?"

"नाही सर. मुलाखत घेणारे तिघंबी सकाळपासून बसून होते. मी विचारलं, तुमी जेवले का?"

मी कपाळाला हात लावला. "मग?"

"नव्हते जेवले."

आता मॅडम पुढे झाल्या. "अवं, तुहा डबा कुठी हाय?"

"आतच हाय. तिथल्या मॅडम म्हणल्या, सोमवारी ॲडमिशनले येशील तवा घेऊन जाय."