परतीची चिठ्ठी

कुठलंही सॉफ्टवेअर बदलण्याआधी मी अजूनही परतीची चिठ्ठी लिहिते. कागदावर, हाताने, निळ्या पेनाने. नवऱ्याला याचं हसू येतं. बडोद्याच्या वासणा भागातल्या घरात संगणकाचे दोन मोठे पडदे, नोकरी थेट बंगळुरूची, आणि बाई वहीचं पान फाडून लिहीत बसतात! त्याला काय सांगणार? ही सवय मला जेतलपूर रोडवरच्या एका तिसऱ्या मजल्यावरच्या ऑफिसात लागली, आणि तीही चांगलं नाक ठेचून घेतल्यावर.

आम्ही तिथे सातजण होतो. सावली आणि पादऱ्याकडच्या गावांत दूध गोळा करून थंड ठेवण्याची केंद्रं आहेत, तिथल्या टाक्यांचं तापमान आमच्या संगणकांवर यायचं. एक प्रोग्राम त्यावर अष्टौप्रहर डोळा ठेवायचा आणि दूध तापू लागलं की त्या केंद्रावरच्या माणसाचा फोन वाजवायचा. या राखणदाराची नवी आवृत्ती बसवायचं काम साहेबांनी माझ्याकडे दिलं. साहेब जुने बडोदेकर, घराण्यात पणजोबांपासून सरकारी दप्तर सांभाळलेलं. तोंडी शब्दावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. त्यांचा नियम असा, की बदल बिघडला तर मागे कसं यायचं ते आधी लिहून काढायचं, आणि लिहिलेलं रिसेप्शनवरच्या बेनना समजलं पाहिजे. बेन हो म्हणाल्या तरच पुढे.

बेन गुजराती, पन्नाशीच्या, संगणकावर फक्त सगळ्यांची हजेरी भरायच्या. माझ्या नाकाला मिरच्याच झोंबल्या. एमसीएला पहिली आलेली मी, आणि माझं काम तपासणार कोण, तर कुरिअरवाल्याला सही देणारी बाई!

चष्मा लावून, ओळीखाली बोट ठेवून त्यांनी वाचायला घेतलं. कंटेनर म्हणजे काय, असं विचारलं. मी म्हटलं, "डबा समजा. प्रोग्राम आणि त्याला लागणारं सगळं सामान एका डब्यात बंद. नवा प्रोग्राम हवा की जुना डबा फेकायचा, नवा आणायचा. नाही जमलं तर पुन्हा जुन्यासारखाच डबा मागवायचा."

"पण बेन," त्यांनी मला विचारलं, "डबा फेकला तो अंदरनुं शाक?"

"आत भाजी नसतेच, बेन. जपायचं ते सगळं डब्याबाहेर, वेगळ्या कपाटात असतं."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "तमे जोयुं?"

पाहिलंत का, एवढंच. मी पाहिलं नव्हतं. असणारच, असं धरून चालले होते. त्यांचं तोंड बंद करायचं म्हणून जागेवर जाऊन पाहिलं. कुठल्या टाकीला किती अंशांवर घंटा वाजवायची, कुणाला फोन लावायचा, हे मी दोन महिने केंद्राकेंद्रांना विचारून भरलं होतं, आणि ते सगळंच्या सगळं डब्याच्या आत होतं. डब्याबरोबर तेही गेलं असतं. बरं, कुणाला कळलंही नसतं. नवा राखणदार पडद्यावर हिरवागार दिसला असता, एकही घंटा वाजली नसती, आम्ही खुशीत राहिलो असतो आणि तिकडे दूध नासलं असतं.

मग सगळं बाहेर काढलं, त्याची एक प्रत दुसरीकडे ठेवली. जुना डबा न हलवता नवा शेजारी उभा केला, आठ दिवस दोन्ही चालू. शेवटी मुद्दाम खोटी घंटा वाजवून पाहिली. सावलीकडच्या केंद्रावरचे काका फोनवर असे भडकले, "दूध बरफ जेवुं छे, तमारुं मगज तपी गयुं छे!" दूध बर्फासारखं आहे, तापलंय ते तुमचं डोकं! इतकी गोड शिवी मी आयुष्यात खाल्ली नाही. त्यानंतरच जुना डबा काढला. साहेबांनी चिठ्ठी फाइलला लावली आणि सगळ्यांसाठी सेव-उसळ मागवली. माझ्या वाट्याची तर्री बेननी स्वतः वाढली.

ते ऑफिस आता नाही. एका मोठ्या कंपनीने ते घेतलं आणि माणसं पांगली. साहेब मुलाकडे पुण्याला, बेन लेकाकडे पादऱ्याला. खरं सांगते, मला ते ऑफिस फार आठवतं. आता माझं काम तीन शहरांतली हुशार माणसं तपासतात. पडद्यावर एक अंगठा दाखवतात, झालं.

गेल्या मंगळवारी पुन्हा अशाच एका राखणदाराची आवृत्ती बदलायची होती. या वेळी दुधाऐवजी लसींचे फ्रिज. नवी आवृत्ती साठवलेली माहिती आपल्या पद्धतीने बदलून घेणार होती, आणि एकदा बदलली की जुनीला ती वाचता येणार नव्हती. म्हणजे परतीची वाट एकच, आधी काढून ठेवलेली प्रत. चिठ्ठी लिहिली, सगळ्यांचे अंगठे आले. सकाळी अकराला सुरू करायचं होतं. पावणेअकराला काय वाटलं कोण जाणे, बेनना फोन लावला. चिठ्ठीचा फोटो पाठवू का, विचारलं.

"मोतियो थयो छे, वाचता येत नाही आता. तमे वाचा, मी ऐकते."

मी वाचलं. चौथ्या ओळीला त्यांनी थांबवलं. बिघडल्यास कालची प्रत परत बसवायची, अशी ती ओळ होती.

"प्रत छे?"

"आहे ना. रोज आपोआप निघते."

"तमे जोयुं?"

"हो," मी म्हटलं.

मग त्या म्हणाल्या, "हुं लाइन पर छुं. जोई आवो."

फोन तसाच टेबलावर ठेवून मी संगणकाकडे गेले. प्रती होत्या, रोजच्या, ओळीने, तारखेसकट. उघडून पाहिल्या तर गेल्या तीन आठवड्यांच्या सगळ्या रिकाम्या.

अकराचं काम रद्द केल्याचं कळवलं आणि परत आले. फोन कानाला लावला तर तिकडे कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. बेन लाइनवर होत्या.

"बेन, मी पाहिलं नव्हतं."

"मने खबर छे," बेन म्हणाल्या.