दारात बसून लाली लावणारी

"तोंड माह्यं हाय ना? मंग रंग बी माह्याच मर्जीचा."

एवढं बोलून ती हनुवटी वर करायची, आरसा उजेडाकडे फिरवायची आणि ओठांवर लाली लावायची. घरात लपून नाही, क्वार्टरच्या दारात बसून.

तिचं नाव मी लिहिणार नाही. ज्यांनी तिला नावं ठेवली त्यांची मुलंनातवंडं अजून भिलाईत आहेत. त्यांच्या तोंडी तिचं नाव आयतं द्यावं असं मला वाटत नाही.

पोलादाचा कारखाना उभा राहत होता ते दिवस. मी नागपूरहून लग्न होऊन आले तेव्हा आमच्या क्वार्टरांच्या ओळीत एक झाड नव्हतं. नुसता लाल मुरूम, आणि तो सगळीकडे बसायचा, भातावरसुद्धा. शेजारच्या क्वार्टरमध्ये ती राहायची. तुमसरकडच्या शेतकरी घरातली. नवरा आधी रेल्वेत होता, मग कारखान्यात इंजिन चालवायला लागला. भट्टीतून निघालेलं वितळलेलं लोखंड ओढून नेणारं इंजिन. मूलबाळ नव्हतं. ओळीतल्या बायकांच्या दृष्टीने हाही तिचा एक गुन्हाच.

"दारात कशाला बसता हो ताई?" मी एकदा विचारलं.

"आत अंधार हाय बापा. अंधारात कोनासाठी लावू, घुबडासाठी?"

ती सावळी नव्हती, चांगली काळी होती. बाजारात पावडर मिळायची ती एकाच रंगाची, गुलाबीसर पांढरी. ती आणायची आणि परातीत ओतून तिच्यात हळद, गेरू, कसलीशी भाजलेली माती घालायची. फडक्यातून गाळायची, मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहायची, मान हलवायची, पुन्हा गेरूची चिमूट घालायची. आपल्या कातडीचा रंग जुळेपर्यंत तिचं हे चालायचं. काजळही घरचं, एरंडेलाच्या दिव्यावर धरलेलं. मला वाटलं, गोरं होण्याची खटपट असेल.

"याने गोरेपणा येतो का, ताई?"

ती इतकी हसली की परात कलंडली. "गोरं कोनाले व्हायचं हाय? मी गोरी झाली त माह्या जागेवर कोन राहीन?"

तिला रंगाचा नाद होता, एवढंच. कोणाला विणकामाचा असतो, कोणाला रांगोळीचा. एखाद्या दिवशी भुवया कमानदार, एखाद्या दिवशी डोळ्यांच्या कोपऱ्यातून काजळाची शेपटी कानापर्यंत. "आज काय आहे?" विचारलं की म्हणायची, "काई नाई. मंगळवार हाय. लय रुक्खा वार वाटते मले." नवरा पाळीवरून आला की पायरीवर चहा पीत बसायचा आणि तिच्याकडे बघायचा. फार बोलत नसे. लोक त्याला बायकोचा गुलाम म्हणत.

तुम्हीही अशा बायका पाहिल्या असतील, आणि त्यांच्याबद्दल काय बोललं जातं तेही ऐकलं असेल. उशीच्या अभ्र्यावर मोर काढणारी बाई गुणाची ठरते. तोच मोर स्वतःच्या चेहऱ्यावर फुलवला की ती चवचाल. नळावर मी रोज ऐकायचे. "नवरा कामावर गेला की सजते." सजायची तर तो समोर बसलेला असताना! पण डोळ्यांनी पाहिलेलं कोणाला हवं होतं?

त्या काळी कारखाना उभारायला आलेले रशियन इंजिनियर आणि त्यांच्या बायका भिलाईत राहत. एकदा आठवडी बाजारात एक धिप्पाड रशियन बाई कांदे निवडता निवडता हिच्या डोळ्यांकडे टक लावून बघायला लागली. भाषा एकीची दुसरीला येत नव्हती. हिने कनवटीची डबी काढली, त्या बाईला कांद्याच्या पोत्यावर बसवलं आणि तिच्या निळ्या डोळ्यांत काजळ घातलं. बाईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. भाजीवाला घाबरला. ही तिला दटावून म्हणाली, "हालू नको. लेकरासारखी करून राहिली."

पुढच्या बाजाराला ती बाई हिला शोधत आली. हिच्या हातात एक लालीची नळी ठेवली. विटकरी लाल रंगाची. तो रंग हिच्या ओठांवर असा बसला, की जणू हिच्यासाठीच कुठेतरी दूर बर्फात बनवला असावा.

आणि गंमत बघा. रशियन बायका लाली लावून बाजारात आल्या की आमच्या बायका म्हणायच्या, "किती टापटीप राहतात नाही!" तीच लाली, त्याच नळीतली, हिच्या ओठांवर आली की चाळे. आज इतकी वर्षं झाली, मला या गोष्टीचा उलगडा झालेला नाही. संताप मात्र तेवढाच होतो.

त्या वर्षी संक्रांतीला महिला मंडळाने मोठं हळदीकुंकू ठरवलं. रशियन पाहुण्या येणार होत्या. मुलींचा नाच बसवला होता, आणि मुलींना रंगवायला माणूस हवं होतं. तेव्हा मात्र अध्यक्षीणबाईंना हिची आठवण झाली. त्यांचा नवरा मोठा साहेब, बोलणं गोड. ही आनंदाने गेली. मी मदतीला होते.

नाचात पुढे उभी राहणारी मुलगी एका स्टोअरकीपरची. सोळा-सतरा वर्षांची, काळी, नाकीडोळी देखणी. हिने सगळा जीव तिच्यावर ओतला. स्वतःच्या परातीतली पावडर, गालांवर किंचित गेरू, डोळ्यांत काजळ. पोरीने आरशात पाहिलं आणि बघतच राहिली.

तेवढ्यात अध्यक्षीणबाई आल्या. "अहो, हिला जरा उजळ करा. पुढे उभी राहणार आहे. पाहुणे फोटो काढतील."

"उजळच दिसून राहिली ते. पाहा ना."

"मी रंगाबद्दल बोलतेय."

"मी बी."

बाईंचा गोडवा संपला. त्यांनी टॉवेल ओला केला आणि सगळ्या मुलींसमोर त्या पोरीचा चेहरा खसाखसा पुसला. मग पांढऱ्या पावडरीचा डबा घेऊन स्वतः पफ मारायला लागल्या. पोर मुकाट्याने उभी, डोळ्यांतून धारा. त्या धारांनी पावडरीत काळे ओघळ पडत होते.

"आणि तुम्ही," बाई हिच्याकडे वळल्या, "आता मागच्या दाराने गेलात तरी चालेल. आधी ते ओठ पुसा. भल्या घरच्या बायका येणार आहेत इथे."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हणाले, "मग पाहुण्या बायकांचे ओठ कोण पुसणार? टॉवेल मी धरते."

"त्यांची गोष्ट वेगळी आहे."

"काय वेगळी?"

बाई पुन्हा पफ मारायला लागल्या. पुढे मंडळातून माझं नाव कमी झालं, ते बरंच झालं.

हिने पदराने त्या पोरीचे डोळे टिपले, आपली परात उचलली आणि पुढच्या दाराने, मांडलेल्या खुर्च्यांमधून, सगळ्यांच्या देखत बाहेर पडली. मीही तिच्यामागे. पोर नाचली म्हणतात. चेहरा पांढरा, मान काळी, आणि मागच्या रांगा हसत होत्या.

घराजवळ आल्यावर ती थांबली. तिला रागावलेली मी त्या एकाच दिवशी पाहिली.

"मले बोल्ली त बोल्ली. मले सवय हाय. पन पोरीचं तोंड कावून पुसलं? ते पोरगी आता जलमभर आरशात पाहीन का?"

दुसऱ्या दिवशी ती त्या स्टोअरकीपरच्या घरी गेली. पोरीच्या आईने दार उघडलं नाही.

दारात बसणं तिने सोडलं नाही. पण बाजारात कोणी काजळासाठी हाक मारली तरी आता दुसऱ्याच्या चेहऱ्याला हात लावत नसे. "मोठ्या घरचे टॉवेल लय ओले असतात बापा," म्हणायची.

काही वर्षांनी तिला कावीळ झाली. गावठी औषधं झाली, मग दवाखाना. मी भेटायला गेले तर आरसा मागितला. बराच वेळ पाहत राहिली. "हा पिवळा कोनं लावला मले?" म्हणाली आणि हसली. "जमला नाई. माह्या अंगाले पिवळा नाई जमत." त्याच आठवड्यात ती गेली.

सवाष्ण गेली म्हणून ओळीतल्या सगळ्या बायका गोळा झाल्या. नळावर तिच्या नावाने बोटं मोडणाऱ्या, त्याच. "भाग्याची गं, अहेवपणी गेली," म्हणत रडल्यासुद्धा. हिरवं लुगडं नेसवलं, मळवट भरला. मग एकीने पिशवीतून पांढऱ्या पावडरीचा डबा काढला. "चेहरा कसा झालाय बाई. जरा उजळू या. लाली नको हं, देवाघरी चालली आहे."

"हात लावू नका तिला," मी ओरडले.

"अगं, शेवटचं सजवतोय आम्ही."

"जिवंत होती तेव्हा तिचं सजणं खुपत होतं ना तुम्हाला? आता कोणतं सजवता?"

दाराशी तिचा नवरा उभा होता. तो आत आला. "वैनी, सरका जरा," एवढंच म्हणाला.

तो तिच्या उशाशी बसला. फळीवरची लाली उतरवून त्याने टोपण काढलं. इंजिनाचे दांडे ओढून ओढून बोटं जाड झालेली. तिची हनुवटी डाव्या हाताने धरून तो लाली लावायला लागला. आधी खालचा ओठ, मग वरचा. श्वास रोखून. वरच्या ओठाच्या कोपऱ्यावर त्याचा हात घसरला आणि लाली ओठाबाहेर गेली.

एक म्हातारी मावशी पदर पुढे करून ती पुसायला वाकली. त्याने तिचं मनगट धरलं.

"राहू द्या, मावशी. रोज पाहत होतो. लावून देल्ली आज पैल्यांदाच."

मावशीने हात मागे घेतला. तो तसाच बसून राहिला, टोपण हातात धरून. बाहेर माणसं तिरडी बांधून उभी होती, आणि त्यांना आत बोलवायला कोणी उठलं नाही.