कासरा
सुताच्या कासऱ्यात बैलाच्या घामाचा वास मुरलेला असतो आणि तो आला की माझी मूठ अजून वळते. मी नववीत असताना वडिलांच्या डोक्यात बत्ता घातला, म्हणून त्यांनी माझे हात कासऱ्यानं बांधले आणि मला कोपरगावहून जीपनं नगरला मानसोपचाराच्या ओपीडीत आणलं. शेजाऱ्यांना सांगितलं, पोरीची दाढ दुखतीय. डॉक्टरीणबाई गाठ सोडायला लागल्या तेव्हा वडील म्हणाले, “सोडू नका, लई मारती ती.” हात मोकळे होताच मी बाईंच्याच थोबाडीत मारली, त्यांचा चष्मा भिंतीवर जाऊन फुटला. वडिलांनी कासरा माझ्यावर उगारला, पण दोन्ही हात डोक्यावर घेऊन मटकन खाली बसली ती कोपऱ्यातली आई. बाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी वडिलांना विचारलं, “घरात हे कधीपासून चालतं?” वडील म्हणाले, “आजारी पोरगी हाय, तिचं बघा.” बाई म्हणाल्या, “तिचंच बघतेय.” आता मी नोकरी करते, आई माझ्याजवळ असते, घर सोडताना तिनं तो कासरा तेवढा बरोबर आणला, गच्चीवर ताणून बांधला, आणि रोज सकाळी ती त्याच्यावर ओलं धुणं वाळत घालते.