आखीन एकडाव सांगा

"टॅब कुठे आहे, सर?"

"हाये ना मॅडम. एकदम सेफ हाये. कपाटात."

"म्हणजे मयूरी वर्गात आणि तिचा आवाज कपाटात?"

म्हैसने सर नुसते हसले. पातूरजवळच्या एका गावातल्या जिल्हा परिषद शाळेचे ते मुख्याध्यापक. शिक्षक कमी, म्हणून पाचवीचा वर्गही त्यांच्याकडेच. माणूस वाईट नव्हता, पण सरकारी वस्तू म्हटली की ते आधी कुलूप शोधायचे.

"तुमीच सांगा. पोट्ट्यांच्या हाती देली आन् फुटली, तं साहेबाले जबाब कोन देईन?"

शेवटी कपाट उघडलं. टॅब खोक्यात, खोकं प्लास्टिकच्या पिशवीत, आणि पिशवीवर हळदीकुंकवाची बोटं. दसऱ्याला त्याची पूजा झाली होती. चार्जिंग मात्र कोणी केलेलं नव्हतं.

मी विशेष शिक्षिका. घर अमरावतीला, पोस्टिंग तेव्हा अकोला जिल्ह्यात. साध्या शाळेत शिकणाऱ्या दिव्यांग मुलांना काय साधनं लागतात ते बघायचं, ती वापरायला शिकवायची आणि शिक्षकांच्या मागे लागायचं, हे माझं काम. मागे लागण्यात मी पटाईत आहे. ऑफिसात माझ्या पाठीमागे मला काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे.

मयूरीला सेरेब्रल पाल्सी. जन्माच्या वेळी तिच्या मेंदूला प्राणवायू कमी पडला, त्यामुळे स्नायू तिचं ऐकत नाहीत. हात उचलावा एकीकडे तर जातो दुसरीकडे. जिभेचंही तेच, म्हणून बोलता येत नाही. बुद्धीला मात्र काही झालेलं नाही. तिला सगळं समजतं. हे आईला माहीत होतं, मला दिसत होतं, बाकी गाव "बिचारी" म्हणून मोकळं व्हायचं.

टॅबमध्ये बोलणारं ॲप होतं. चित्रावर बोट ठेवलं की टॅब वाक्य बोलतो. पहिल्याच दिवशी मयूरीचं बोट पाण्याऐवजी जेवणावर पडलं आणि टॅब खणखणीत म्हणाला, "मला भूक लागली आहे." तेव्हा डबा खाऊन नुकतेच सगळे वर्गात आले होते. पोरं खो खो हसली. मयूरीने मान फिरवली ती फिरवलीच. त्या दिवसापासून टॅब कपाटात गेला होता.

आणि आता सरांच्या टेबलावर एक प्रस्ताव तयार होता. मयूरीला गृहाधारित शिक्षणात टाकावं. म्हणजे मुलाने घरी राहायचं आणि शिक्षकाने अधूनमधून जाऊन शिकवायचं. काही मुलांना ही सोय खरंच लागते. मयूरीला लागत नव्हती.

"तिच्याच भल्यासाठी म्हनतो मी," सर म्हणाले. "दिवसभर बसून राह्यते. तिले वर्गात काही समजून राह्यलं का नाई, मले काय समजनार?"

प्रश्न चुकीचा नव्हता. मला झोंबला तो म्हणूनच.

तिची आई, मंदाताई, रोज तिला चाकाच्या खुर्चीवर बसवून शाळेत आणायची. तिला मी प्रस्तावाचं सांगितलं तर तिने पदराने आधी लेकीची हनुवटी पुसली, मग बोलली. "मॅडम, घरी राह्यली तं माही पोरगी खाटीवर पडून छताच्या टिनाकडे पाहत राहीन. अथी चार लेकरं तं दिसते तिले. एवढं तोडू नका."

मी सरांशी भांडले. त्यांनी तोडगा काढला. विस्तार अधिकारी ठोसर साहेब शाळा बघायला येणारच होते. "तोपर्यंत तुमी पाहा करून. मंग साहेब म्हनतीन तसं." विस्तार अधिकारी म्हणजे तालुक्यातल्या शाळा तपासणारा माणूस. त्यांची सही झाली की मयूरी घरी, हे उघड होतं.

आमच्या धंद्यात पहिला नियम आहे, यंत्राकडे नंतर बघा, आधी मूल कसं बसलंय ते बघा. मयूरीचे पाय अधांतरी लोंबत होते. पायाखाली आधार नसला की अंग आखडतं, आणि अंग आखडलं की हात आणखी बेताल होतो. मी बांधकामावरून विटा मागून आणल्या, पोत्यात गुंडाळल्या आणि तिच्या पायाखाली सरकवल्या. सर म्हणाले, "हे तुमची टेक्नॉलॉजी?" मी म्हटलं, "हो, हीच." पाय टेकले आणि तिचे खांदे खाली आले. सरांनाही ते दिसलं.

आता बोट चालत नाही तर काय चालतं? शरीराचा एखादा तरी भाग असा शोधायचा, जो मूल मनात आलं की नेमका हलवू शकतं. मान बघितली, गुडघा बघितला. काही जमेना. मी वर्गात मागे बसून राहिले. तेवढ्यात मयूरीच्या उजवीकडे बसणारी पायल ओरडली, "मॅडम, पाहा ना! हे मले मारून राह्यली!"

"कधी मारते?"

"कोनी चुकलं का मारते. सर जोक सांगते तवा बी मारते. रोजचं हाये हिचं."

मी उठून उभी राहिले. ज्या मुलीचा एकही अवयव ताब्यात नाही असं आम्ही सगळे धरून चाललो होतो, ती रोज बरोबर वेळेला, बरोबर जागी, मैत्रिणीला कोपरखळी मारत होती! मी पायलचा दंड बघितला, तर तिथे खरंच काळंनिळं झालेलं. मला इतका आनंद झाला की पायलला वाईट वाटलं.

मग स्विच आणला. स्विच म्हणजे बशीएवढं मोठं बटण. ते टॅबला जोडायचं. टॅबवरच्या चित्रांभोवती एकामागून एक चौकट उजळत जाते आणि हवं ते चित्र उजळलं की बटण दाबायचं. याला स्कॅनिंग म्हणतात. खुर्चीच्या उजव्या दांडीवर, जिथे पायलचा दंड यायचा अगदी तिथेच, मी ते बटण क्लॅम्पने आवळून बसवलं. मयूरीच्या कोपराने ते पहिल्या झटक्यात दाबलं. पायल म्हणाली, "चला, मी सुटली."

तरी गाडं अडलंच. बटण दाबता येत होतं, पण मयूरी दाबेना. ॲपमध्ये आयतीच वाक्यं भरलेली होती. मला पाणी हवे आहे. मला शौचास जायचे आहे. आपले आभारी आहे. सगळी रेल्वे स्टेशनवरच्या बाईच्या आवाजात. मंदाताई ऐकून म्हणाली, "हे कोन बाई बोलून राह्यली? आमच्या घरात तं असं कोनी बोलत नाई." शिवाय पाणी तर तिला आई न मागताच पाजायची. जे मागायची गरजच नाही ते मागायला कोण कोपर झिजवेल?

"मयूरीला बोलता आलं तर आधी काय बोलेल?" मी विचारलं.

"भांडन करन पहिले," मंदाताई एका क्षणात म्हणाली.

मग मी पायललाच समोर बसवलं. म्हटलं, तुम्ही पोरी दिवसभर एकमेकींना काय म्हणता ते सांग, मी भरते. पायल बोलत गेली. काहून? सरक तिकडं. मले बी दाखव. खोटं नोको बोलू. मी नाई खेळत जाय. शेवटी ती जरा थांबली आणि दाराकडे बघून हळूच म्हणाली, "आखीन एक हाये. सर, नाई समजलं. आखीन एकडाव सांगा."

"हे तुम्ही सरांना म्हणता?"

"नाई बाप्पा! कोनीच म्हनत नाई. मनात असते फक्त."

मी तेही भरलं. ॲपमध्ये आपला आवाज टाकायची सोय असते. पंखा बंद करून, पायलच्याच आवाजात आम्ही सगळं रेकॉर्ड केलं. दहा वर्षांच्या मुलीला दहा वर्षांच्या मुलीचा आवाज हवा. "मी नाई खेळत" च्या मागे एक कोंबडा आरवला, तो तसाच राहू दिला.

दुसऱ्या दिवशी टॅब तिच्यासमोर उभा केला आणि सगळ्यांना सांगितलं, आता थांबायचं. कोणी "दाब दाब" म्हणायचं नाही. हे सगळ्यात अवघड. आपल्याला माणसाचं वाक्य पूर्ण होईपर्यंत दम निघत नाही, आणि इथे तर चौकट उजळत उजळत जायची. एक फेरी गेली. दुसरी गेली. मग कोपर हललं.

"सरक तिकडं!"

पायल खरंच सरकली. मयूरी इतकी हसली की विटांवरून तिचे पाय सुटले. दारात मंदाताई उभी होती. आयुष्यात लेकीचं पहिलं वाक्य ऐकलं आणि ते भांडणाचं निघालं. ती हसत होती आणि डोळे गळत होते. "म्हनलं होतं ना मॅडम," एवढंच म्हणाली. मी या नोकरीत पुष्कळ सत्कार बघितले आहेत. त्यातल्या एकाही शालीला त्या दाराची सर नाही.

मग ठोसर साहेब आले.

ते मागच्या बाकावर बसले. प्रस्ताव त्यांच्या मांडीवर. सरांनी अपूर्णांकांची बेरीज काढली होती. अर्धा अधिक एक तृतीयांश. साहेब बघताहेत म्हटल्यावर सर सुसाट सुटले. छेद गुणले, अंश गुणले, फळा भरला. मग वळून नेहमीसारखं म्हणाले, "समजलं का?"

"हो सर!" सगळा वर्ग एका सुरात.

हे "हो सर" तुम्हीही म्हटलं असेल. मीही म्हटलं आहे. आपल्याकडे ते प्रश्नाचं उत्तर नसतंच. धडा संपला, एवढाच त्याचा अर्थ.

सर खडू खाली ठेवत होते आणि तेवढ्यात पायलच्या आवाजात, पण पायलच्या तोंडातून नव्हे, वाक्य आलं.

"सर, नाई समजलं. आखीन एकडाव सांगा."

सगळ्यांच्या माना मयूरीकडे वळल्या. सरांचा चेहरा उतरला. "चुकून दाबलं असन तिनं," ते साहेबांना म्हणाले.

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. "चुकून दाबल्या जाते का?"

"जातं, साहेब," मी म्हणाले. खोटं कशाला बोलू? "पुन्हा दाबते का बघू. फक्त थांबावं लागेल."

सगळे थांबले. चौकट पुन्हा पहिल्यापासून निघाली. काहून. सरक तिकडं. मले बी दाखव. ती हव्या त्या चित्रावर आली, कोपर हललं, पण उशीर झाला. चौकट पुढे निघून गेली. हात पुढे करून तिचं कोपर दाबावं असं मला वाटलं. तसं केलं असतं तर सगळं मातीत गेलं असतं. मी हात मागे बांधले. चौकट पूर्ण फिरून परत आली. मयूरीच्या कपाळावर घाम होता.

"सर, नाई समजलं. आखीन एकडाव सांगा."

म्हैसने सर तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी फळा पुसला, त्यावर एक गोल भाकरी काढली आणि सावकाश सांगू लागले. ही अर्धी, हा तिसरा हिस्सा. दोन्हीचे सारखे तुकडे पाडा, मग मोजा. मागच्या बाकावरची पोरंसुद्धा मान उंच करून बघायला लागली. शेवटी सरांनी विचारलं, पण वर्गाला नाही. "मयूरी, आता समजलं का?"

चौकट निघाली. कोपर लगेच हललं.

"काहून?"

"काहून म्हंजे? तुकडे सारखे कायले पाडायचे, असं का?" मयूरीचा चेहरा खुलला. "अवं, तुकडे लहानमोठे असले तं मोजशीन कसे?" असं म्हणून सर स्वतःच हसले. सगळा वर्ग हसला. मयूरीने पायलकडे वळून मनसोक्त हसून घेतलं.

साहेब उठले. पुढच्या बाकावरच्या एका मुलाला त्यांनी उभं केलं. "पहिल्या डावात समजलं होतं का तुले?" मुलाने मान खाली घातली. "मंग हो कायले म्हनलास?"

"सगळे म्हनत होते."

साहेबांनी प्रस्ताव घडी करून सरांच्या हातात ठेवला. "सर, तुमच्या वर्गात खरं बोलनारी एकच पोरगी हाये. तिलेच घरी धाडून राह्यले तुमी?"

सरांनी तो कागद परत कधी काढला नाही. टॅब मात्र रोज चार्ज व्हायला लागला, तोही सरांच्या टेबलावर. पुढच्या भेटीला गेले तेव्हा गणिताच्या तासाला मागून कुजबुज ऐकू आली, "मयूरे, दाब ना वो." काही अडलं की पोरं तिलाच दाबायला सांगत होती. सर तक्रार करत होते की एक धडा संपता संपत नाही. तक्रार करताना त्यांची छाती फुगलेली होती. माझीही होती, कबूल करते.

मागच्या वर्षी अमरावतीला शिक्षकांचं प्रशिक्षण होतं. मी स्कॅनिंगवर बोलत होते. सभागृह गच्च, जेवणाची वेळ जवळ आलेली, म्हणून मीही जरा उरकतच होते. स्लाइड संपवून विचारलं, "समजलं का सगळ्यांना?"

"हो मॅडम!" सगळे एका सुरात.

मी लॅपटॉप बंद करणार, तेवढ्यात तिसऱ्या रांगेत एक हात वर झाला. म्हैसने सर होते.

"मॅडम, नाई समजलं," ते उभं राहून म्हणाले. "आखीन एकडाव सांगा."

मी लॅपटॉप उघडला आणि पहिल्या स्लाइडपासून पुन्हा सांगितलं.