डिझेल सोडून मोजलेला धूर

त्या इमारतीत तिला सगळे काटेवाली म्हणायचे. एकोणीस वर्षं तिने वीज कंपनीत घरोघरचे मीटर वाचले होते. पुढे आपला आकडा आपणच पाठवणारे मीटर आले आणि तिचं काम संपलं. मग ती सर्व्हरच्या इमारतीत देखभालीला लागली. टोपणनाव तेवढं जुन्या नोकरीतून बरोबर आलं, आणि काट्याचे दोन्ही अर्थ बाईंना लागू पडतात, असं तिथले लोक म्हणत. आकड्यात खोट दिसली की ती कुणाची भीड ठेवत नसे.

इमारतीला खिडक्या नव्हत्या. आत ओळीने लोखंडी कपाटं, कपाटांत सर्व्हर आणि त्यांना गार ठेवणारी यंत्रं. दोन तास आत काढले की बाहेर आल्यावरही कानात घरघर राहायची. कुणाचे फोटो, कुणाचे सिनेमे, हवामान कार्यालयाची वादळाची गणितं, सगळं तिथे चालायचं. लोक ज्याला क्लाउड म्हणतात, तो तिथे मनगटाएवढ्या केबलींवर पोसला जात होता.

गेल्या वर्षी साहेबांनी एक नवी टूम काढली. आपल्या कामापायी आत्ता, या घडीला, किती कार्बन हवेत जातोय, हे प्रत्येक ग्राहकाला दिसलं पाहिजे. काटेवालीला हे मनापासून पटलं. चार महिने गुडघे टेकून तिने प्रत्येक कपाटाला मीटर बसवला. एकूण दोनशे बारा. कुणाचं काम किती वीज खातंय ते दर पाच मिनिटांनी कळायला लागलं. त्या वेळी बाहेरून येणाऱ्या विजेत कोळशाची किती आणि उन्हाची किती, ते धरून कार्बनचा आकडा निघायचा आणि दाराशी लावलेल्या मोठ्या पडद्यावर झळकायचा. दुपारी उन्हाची वीज भरपूर, म्हणून दुपारी आकडा उतरायचा आणि पडदा हिरवागार व्हायचा. पाहुणे त्याच्यासमोर उभे राहून फोटो काढायचे.

मागच्या अंगणात सहा डिझेल जनरेटर होते. वीज गेलीच तर असू द्यावेत म्हणून ठेवलेले. पण साहेबांनी दुसरा हॉल बांधला आणि वाढीव विजेची मंजुरी यायच्या आतच तो भरूनही टाकला. दुपारी उन्हं तापली की आतली गार करणारी यंत्रं जोर धरत, मंजूर वीज पुरेनाशी होई, आणि मग बारा ते चार जनरेटर धडधडत.

काटेवालीचं काम आत असायचं, त्यामुळे हे तिला मीटरने नाही, नणंदेने सांगितलं. नणंदेची लॉन्ड्री मागच्याच गल्लीत होती. एका रविवारी तिने एक पांढरी चादर आणून वहिनीच्या मांडीवर टाकली. चादरीवर मोहरीएवढे काळे ठिपके होते.

"वहिनी, तुमच्या कंपनीचं हे दान. तिसऱ्यांदा धुतेय."

सोमवारी दुपारी काटेवाली अंगणात जाऊन उभी राहिली. सहापैकी तीन चालू होते. पुढे दाराशी पडदा हिरवा आणि इथे डोळे चुरचुरतायत. तिचं डोकं तडकलं. गोदामात पडून असलेले मीटर काढून तिने आठ दिवसांत सहाही जनरेटरना बसवले आणि बेरजेत जोडले. बुधवारी एक वाजता पडद्यावरचा आकडा अडीच पट झाला आणि पडदा लाल झाला.

अर्ध्या तासात साहेब खाली आले. त्यांना पाठीमागे सगळे सरासरीसाहेब म्हणत, कारण कुठलीही अडचण ते वर्षभरावर पसरून पातळ करत. जनरेटर ही आणीबाणीची सोय आहे, त्याचं डिझेल वर्षाच्या अहवालात येतं, सरासरी काढली तर ते काहीच नाही, असं त्यांनी समजावलं. काटेवाली म्हणाली की सासूसुनेच्या वयाची सरासरी काढली तर दोघी मैत्रिणी निघतील, म्हणून काही घरातलं भांडण मिटत नाही. साहेब हसले, आणि संध्याकाळपर्यंत त्यांनी ते सहा मीटर बेरजेतून काढून टाकायला लावले.

ती गप्प बसली. नवरा शिडीवरून पडल्यापासून अंथरुणाला खिळला होता, घर तिच्या एकटीच्या जिवावर चाललं होतं. तीन आठवडे तिने राग भांड्यांवर काढला. शेवटी नवराच म्हणाला, "अगं, पातेल्याचा काय दोष?"

मग हवामान कार्यालयातल्या गणितवाल्या बाई इमारत बघायला आल्या. मोठ्या हुद्द्याच्या, पण साध्या. हे मीटर कुणी बसवले ते विचारत त्या मुद्दाम काटेवालीजवळ आल्या आणि तिचे आभार मानले. तुमचा आकडा बघूनच आम्ही सगळी जड गणितं सकाळची काढून दुपारी लावली, आणखी दोघातिघा ग्राहकांनीही तसंच केलं, असं त्यांनी कौतुकाने सांगितलं.

काटेवालीने मनात हिशेब केला. म्हणजे दुपारचा भार आणखी वाढला होता. तीनच्या जागी हल्ली सहाही जनरेटर का चालतात, ते तिला आता उमगलं. गुडघे झिजवून बसवलेल्या मीटरनीच भल्या माणसांना डिझेलच्या दारात आणून उभं केलं होतं. साहेबांनी खोटं बोलायला तिचंच तोंड वापरलं होतं. ती बाईंना म्हणाली, जरा मागे चला.

अंगणात आवाज इतका होता, की तिला जवळजवळ ओरडावं लागलं. "मीटर माझे आहेत, म्हणून मीच सांगते. त्या आकड्यात हे डिझेल धरलेलं नाही. तुम्ही दुपारी काम लावता म्हणून हे सहाच्या सहा चालतात."

बाईंनी जनरेटरकडे बोट केलं. "यांना मीटर आहेत?"

"आहेत, चालूही आहेत. फक्त बेरजेतून काढलेत."

"मला त्यांचे आकडे द्याल?"

तिने तीन आठवड्यांचे आकडे हाताने लिहून, खाली सही करून दिले.

हवामान कार्यालयाने दुपारची कामं काढून घेतली आणि खरमरीत पत्र लिहिलं. इतर ग्राहकांनीही खुलासा मागितला. दोन महिन्यांनी जनरेटर बेरजेत आले. साहेबांनी त्यावर भाषण केलं आणि प्रामाणिकपणाबद्दल स्वतःचीच पाठ थोपटली. जनरेटर आता दोन-अडीच तास चालतात, बंद झालेले नाहीत.

काटेवालीला ग्राहकाशी परस्पर बोलल्याबद्दल ठपक्याचं पत्र मिळालं. चूक कबूल करून सही करा, विषय संपला, असं साहेब म्हणाले.

"कुठला आकडा चुकला ते दाखवा, लगेच सही करते," ती म्हणाली.

 साहेबांनी तिला मीटरपासून दूर, बॅटऱ्यांच्या गोदामात पाठवलं. तिथे ती दिवसभर बॅटऱ्यांवरची धूळ पुसते, आणि साहेब समोरून गेले तरी मान वर करत नाही. राग निवला का असं कुणी विचारलं, तर म्हणते, का निवावा? प्रदूषणाच्या कार्यालयात तिने नणंदेबरोबर तक्रार दिली आहे. दोनदा गेल्या, दोन्ही वेळा अधिकारी रजेवर होते. पुढची तारीख मंगळवारची आहे. या वेळी सगळी गल्ली येणार आहे.