दहा वाजताची वडी

बाबा शेतात पडले, तेव्हा शुद्धीवर आल्या आल्या त्यांनी आम्हाला बजावलं, "मी पडलो नाय. बसलो होतो." राब भाजायचं, म्हणजे रोपांसाठी पालापाचोळा जाळून जमीन भाजायचं काम चाललं होतं. बाबांच्या गालाला राख, एक चप्पल बांधावर, दुसरी खाचरात. अशा थाटात माणूस कसा बसतो, हे कुणी विचारलं नाही. विचारून काही उपयोगही नव्हता, कारण आमच्या घरात बाबांशी वाद घालून जिंकलेलं माणूस अजून जन्माला यायचं होतं.

शहापूरच्या डॉक्टरांनी मात्र त्यांना चांगलंच फैलावर घेतलं. बाबांना साखरेचा आजार होता. सकाळी गोळी घ्यायची, वर कोरा चहा ढोसायचा आणि शेतावर जायचं, ते थेट अकराच्या न्याहारीपर्यंत पोटात अन्नाचा कण नाही, असा त्यांचा नेम. डॉक्टर म्हणाले, "साखर खाली आणायला गोळी दिली होती, तुम्ही ती पार तळाला नेलीत. सकाळी थोडं खाऊन निघा, आणि दहा वाजता पुन्हा काहीतरी पोटात गेलंच पाहिजे." बाबा मान डोलावत राहिले. डॉक्टरांपुढे ते फार गुणी असायचे. बाहेर आल्यावर म्हणाले, "याला काय माहीत लावणी कशी असते."

खरा धाक घातला तो माझ्या भावाने. तो वाशिंदला कारखान्यात होता आणि नुकताच तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या घेऊन राहिला होता. रविवारी आला आणि उभ्या उभ्या सांगून गेला, "यंदाच्या लावणीत आणखी एकदा जरी बसलात ना बाबा, तर शेत मक्त्याने देणार आनि तुमाला वाशिंदला नेणार." बाबा साप-विंचवाला भ्यायचे नाहीत, पण त्या तिसऱ्या मजल्याला भ्यायचे. तिथं चार दिवस राहून आले होते, तेव्हा चार दिवस खिडकीपाशी बसून समोरच्या इमारतीच्या खिडकीत बसलेल्या दुसऱ्या म्हाताऱ्याकडे बघत होते. तसं एकदाही काही बोलले नव्हते, पण आल्यावर चहासुद्धा न घेता आधी शेतावर फिरून आले. मला ते चांगलं आठवत होतं. त्यांना पुन्हा तिथं बसलेलं मला बघायचं नव्हतं, आणि म्हणून मी कामाला लागले.

मी तेव्हा बावीस वर्षांची होते आणि माझ्याकडे सर्टिफिकेट होतं. बचत गटातर्फे शहापूरला तीन दिवसांचं बेकरीचं शिक्षण झालं, त्यात मी नानकटाई, पाव आणि शेवटच्या दिवशी ओट्सचे 'एनर्जी बार' शिकून आले होते. शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं की शहरात लोक हे खिशात ठेवतात आणि भूक लागली की चालता चालता खातात. मला वाटलं, देवच बोलला. चिखलात उभ्या माणसाला भाकरी खायची तर हात धुवायचे, बांधावर बसायचं, कालवण ओतून घ्यायचं. अशा वडीला यातलं काही लागत नाही. खिशातून काढली, तोंडात टाकली.

ओट्स कल्याणहून आणले. आईने पिशवीत हात घालून ते बोटांवर चोळले, वास घेतला आणि म्हणाली, "पोहे हायत, पन मार खाल्लेले." आईचं माहेर मुरबाडकडचं, सिद्धगडाच्या पायथ्याचं. तिकडून मामाने मे महिन्यात पाटीभर करवंदं धाडली होती, ती आम्ही पत्र्यावर वाळवली. गूळ घालायचा नव्हता. मग गोडीला पिकलेली केळी, थोडा खजूर, वरून भाजलेले शेंगदाणे आणि तीळ. इथपर्यंत सगळं शिकवल्याबरहुकूम झालं.

पुढे भट्टी. शिक्षणाच्या ठिकाणी विजेची होती. आमच्या गावात वीज होती, पण ती पाहुण्यासारखी येऊन-जाऊन असायची. मी मोठ्या टोपात वाळू घातली, त्यात थाळी ठेवली, वर झाकण, खाली चूल. अर्ध्या तासाने उघडलं तर वडी खालून कोळसा आणि वरून लापशी. आई चुलीशेजारी बसून हे बघत होती. सर्टिफिकेटवाल्या मुलीला मध्येच काही शिकवणं बरं दिसत नाही, म्हणून गप्प होती म्हणे. सगळं जळल्यावर म्हणाली, "झाकनावर निखारे ठेवतात गो. तुज्या बाईनी नाय सांगितलं?"

दुसऱ्या खेपेला वर-खाली विस्तव ठेवला. वडी झाली, पण अशी की बाबांनी ती दोन बोटांत धरून नांगराला लावून बघितली आणि "पाचर म्हनून चालंल" असं जाहीर केलं. तिसऱ्या खेपेला केळं वाढवलं, विस्तव कमी केला, आणि वडी माणसाने खाण्याजोगी झाली. मी पाटावर थाळी उपडी केली, सुरीने सरळ रेघा मारून तुकडे पाडले आणि बाबांपुढे नेऊन ठेवले.

बाबा म्हणाले, "आदी मला याचं बी बघू दे."

पेरणीच्या आधी आमच्याकडे भाताचं बी तपासायची रीत होती. मूठभर भात ओल्या फडक्यात बांधायचं आणि तीन-चार दिवसांनी सोडून बघायचं, किती दाण्यांना मोड आले ते. बाबांनी त्या वर्षी दोन पुरचुंड्या बांधल्या. एकीत भात, दुसरीत माझे ओट्स. चौथ्या दिवशी भात पांढरेशुभ्र मोड काढून बसलं होतं, आणि ओट्सची झाली होती खळ. बाबा ते फडकं माझ्या नाकासमोर धरून म्हणाले, "हे बघ. याला जीव नाय. ज्याला मोड येत नाय ते अंगाला काय लागनार?"

मी म्हटलं, "मंग पोहे रुजतात काय ओ बाबा? पोहे तर दोनदा मागून खाता."

बाबांनी फडकं खाली ठेवलं. मला वाटलं, मी जिंकले. पण नाही. "पोह्याचं भात आमी आमच्या हातानं भिजवतो, भाजतो, गिरनीत नेतो. त्याचा जीव कुठं गेला ते आमाला माहीत हाय. तुज्या ह्याचं कोनाला माहीत?"

शेवटी मी वाशिंदचं नाव काढलं. बाबांनी मुकाट्याने वडी उचलली, चावली, बराच वेळ चावली. "बरी हाय," म्हणाले आणि उठून गेले. मला तेवढं पुरेसं होतं.

लावणी लागली. आमच्याकडे लावणी सावडीने व्हायची. आज आठ घरच्या आठ बाया आमच्या शेतात, उद्या आम्ही त्यांच्या. पहिल्याच दिवशी मी दोन वड्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधून बाबांच्या शर्टाच्या खिशात घातल्या आणि दहाला खायची शपथ घातली. अकरा वाजता न्याहारी घेऊन शेतावर गेले, तर बाबा बांधावर बसलेले. या वेळी खरोखरच बसलेले होते, पण तोंड पांढरं, कपाळावर घाम आणि हात थरथरत होते. बायांनी त्यांना घेरलं होतं. मी बायांसाठी आणलेल्या किटलीतल्या गोड चहाचा पेला त्यांच्या तोंडाला लावला. घाईत अर्धा चहा त्यांच्या शर्टावर सांडला.

त्यांना थोडं बरं वाटल्यावर मी त्यांचा खिसा चाचपला. पिशवी रिकामी.

"खाल्ली ना वडी? मंग असं कसं झालं?"

बाबा दुसरीकडे बघायला लागले. मोठी काकी, म्हणजे बाबांच्या चुलतभावाची बायको आणि त्या आठ जणींमधली सगळ्यात वडील, ती म्हणाली, "बरी होती गो वडी. टिकलीयेवढी आली वाट्याला, पन बरी होती."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. सावडीला आलेल्या माणसांसमोर घरधन्याने एकट्याने तोंड चालवायचं नाही, ही आमच्याकडची रीत. ती मी जन्मापासून बघत आले होते आणि सर्टिफिकेट हातात आल्याबरोबर विसरले होते. दहा वाजता बाबांनी दिलेल्या शब्दाला जागून पिशवी काढली होती, दोन वड्यांचे आठ तुकडे केले होते आणि आठ बायांना वाटले होते. नववा माणूस कोण, ते त्यांना आठवलंच नाही.

"दादाला सांगू नको," एवढंच ते मला म्हणाले. बाबांनी माझ्याकडे काही मागितल्याची ही पहिलीच वेळ. मी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी नऊ माणसांच्या वड्या करायला लागले. एकाच्या पोटात वडी जायची तर नऊ जणांना पुरेल एवढी हवी, हा हिशेब शिकवणाऱ्या बाईंना सांगितला असता तर त्या चक्रावल्या असत्या. नुसते ओट्स पुरेनात, म्हणून त्यात नाचणीचं पीठ आणि आपले साधे पोहेही घालायला लागले. आई पहाटे भाकऱ्या थापायची आणि मी तिच्या चुलीतले निखारे चिमट्याने पळवायचे. "माजी भाकरी कच्ची ठेव, पन तुज्या विटा भाज," असं ती रोज म्हणायची आणि रोज निखारे माझ्याकडे सरकवायची.

आणि काय सांगू, वड्या चालल्या! बरोबर दहाच्या सुमाराला मोठी काकी कंबर सरळ करून हाक मारायची, "भावजी, खाऊ काढा! भूक लागली." दुसऱ्या बायाही आवाज काढायच्या, "काढा, काढा!" बाबा कुरकुरत बांधावर यायचे, एकेकीच्या चिखलाच्या हातात वडी ठेवायचे आणि शेवटची स्वतःच्या तोंडात टाकायचे. मी एकदा मुद्दाम दहाला जाऊन हे डोळ्यांनी बघून आले. दुसऱ्यांच्या शेतात सावड असली तरी पिशवी तिकडे जायची, आणि तिकडेही हाक ठरलेली. मला तर आभाळ ठेंगणं झालं. बाया स्वतःहून मागून खातात! मी आईला म्हटलं, "बघ. गनपतीपर्यंत सापगावात दुकान टाकते." आई भाकरी उलटत होती, तिने मान वर केली नाही. तिचे खांदे मात्र हलत होते. मला वाटलं, धूर गेला असेल.

लावणीच्या मधल्या रविवारी भाऊ आला. कुणाला न कळवता थेट शेतावर, दहाच्या जरा आधी. मी बांधावरच होते, त्याला बोलण्यात गुंतवायला निघाले. पण काकीने वेळेवर हाक दिली, बाबांनी वेळेवर पिशवी काढली आणि भावासमोर, गुडघाभर चिखलात उभं राहून वडी खाल्ली. भावालाही एक दिली. तो ती बराच वेळ चावत उभा राहिला. संध्याकाळी निघताना म्हणाला, "यंदा राहू दे शेत. दसऱ्यानंतर बघू." दसऱ्यानंतर त्याने विषय काढला नाही. त्यानंतर बाबांनी अकरा वर्षं शेत केलं.

लावणी आटोपली की सावडीच्या बायांना घरी जेवायला बोलवायचं असतं. तांदळाच्या भाकऱ्या आणि कोंबडीचं कालवण. मी त्या दिवशी वड्यांचा शेवटचा घाणा जीव ओतून केला. नाचणी नाही, पोहे नाहीत, करवंदं दुप्पट. मोठ्या ताटात रचून पंगतीच्या मधोमध ठेवल्या. बाया जेवल्या, कालवण मागून मागून घेतलं, हात धुतले, पानं खाल्ली. ताटातली एकही वडी हलली नाही. मी ताट घेऊन एकेकीपुढे फिरले. एकीचं पोट भरलं होतं, एकीचा दात दुखत होता, एकीला उपास होता, आणि तिने आत्ताच माझ्यासमोर कोंबडीची तंगडी संपवली होती.

मी ताट घेऊन मोठ्या काकीपाशी जाऊन बसले. "काकी, शेतात तर हाका मारून मागत होतीस."

काकीने पान गालाशी सारलं. मग म्हणाली, "रागवू नको गो पोरी. कोनालाच नाय आवडत ती. घशात बसते. पन आमी मागितल्याबिगर तो काडनार नाय, आनि आमी खाल्ल्याबिगर तो खानार नाय. मंग काय करनार? आता आज तो घरात पोटभर जेवलाय. आज कशाला खायची?"

माझं तोंड उतरलं. ते बघून तिने ताटातला एक छोटा तुकडा उचलला, तोंडात टाकला आणि पानाबरोबर चावायला लागली. मला माझ्या दुकानाची लाज वाटत होती, आणि त्या क्षणी या बाईचे पाय धरावेत असंही वाटत होतं. मी ओशाळून विचारलं, "आनि बाबांना? त्यांना तरी आवडते ना?"

काकीने ओटीवर बसलेल्या बाबांकडे बघितलं आणि आवाज खाली आणला.

"तो त आमच्यापेक्षा वाकडं तोंड करतो. पन खातो. म्हनतो, पोरगी चुलीपुढं बसून करते."